भरलेल्या तलावांचा आनंद

‘तानसा भरून वाहू लागला’ ही बातमी आली की वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत सणासारखा आनंद होई. एकशे साठ चौरस फुटांच्या त्या खोलीत माणसांआधी जागा पिंपाला आणि कळश्यांना. पाणीकपात टळली म्हणजे आई देवापुढे साखर ठेवी. पाणी कोठून येते हे कोणी विचारीत नसे. ते नळातून येई!

ते येते सह्याद्रीतून. तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, भातसा त्यानंतरचा. धरणांच्या त्या शहापूर तालुक्यात कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या विसंगतीला आपण सरावलो आहोत.

पण २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वस्ती ठाकरांची. वर गाडीवाट नाही; यंत्रे चढेनात, चिखल माणसांनी हातांनी उपसला. २७ देह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. शोध थांबला आणि तीन दिवसांत तानसा ओसंडला. सवयीने मी हरखलो, आणि मग लाज वाटली.

का वाटावी? इर्शाळवाडीचे पाणी काही आमच्या नळाला येत नाही, पाऊसही मी पाडला नाही. आजीने देवाचा कोप म्हटले असते आणि ती सुटली असती. मला तसे सुटता येत नाही. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. मग संथ झिमझिमण्याऐवजी पाऊस दोनचार दिवसांत कोसळतो. भिजून जड झालेली माती खडकावरून घसरते आणि बाकीचे पाणी मुरायला उसंत न मिळता वाहून जाते. मग मार्चमध्ये झरा आटतो. दरड आणि टंचाई अशा एकाच पावसाच्या पोटी जन्मतात.

हवा तापवली कोणी? ठाकराच्या चुलीने खास नव्हे. धुराडी आमच्या गिरणगावाची होती. तरी गिरणीकामगाराला आरोपी करणे मला पटत नाही. कोळसा जळाला, नफा दुसऱ्यानेच नेला. पण अपराध निराळा आणि ऋण निराळे. सह्याद्रीचे पाणी आम्ही जन्मभर प्यालो. पाणीपट्टी भरली हे खरे. तेवढ्याने डोंगराचे देणे फिटले असे मात्र म्हणवत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. फार बरे वाटले. तलाव भरल्याच्या बातमीनेही अजून बरेच वाटते. फक्त ती वाचण्याआधी आता मी पान उलटून रायगडच्या बातम्या पाहतो.