आवतण कुणाला, आदर कुणाचा

कुणी वादग्रस्त परदेशी पुढारी एखाद्या विद्यापीठात बोलायला येणार असं कळलं, की आपल्या स्तंभलेखकांत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, दारी आलेला पाहुणा देवासारखा, त्याचा पाणउतारा करणं आपल्या रक्तात नाही. दुसरा म्हणतो, ज्याच्या तुरुंगात माणसं सडताहेत त्याला कसला आदर, चार खडे बोल ऐकवल्याशिवाय सोडू नका. गंमत अशी की माणसं हे तट सोयीप्रमाणे बदलतात. पाहुणा आपल्यातला असला की अतिथीधर्म आठवतो, परका असला की सत्यधर्म. २०१३ साली अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या भारतविषयक परिषदेत गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी पडद्यावरून बोलणार होते. काही प्राध्यापकांच्या निषेधानंतर ते भाषण रद्द झालं, तेव्हा परिषदेला निमंत्रित असलेल्या सुरेश प्रभूंनी आपणही येणार नाही असं कळवून टाकलं. मोदींच्या जागी दुसऱ्या कुठल्या देशाचा पुढारी असता, तर ‘बोलावून अपमान केला’ म्हणून इतक्याच पोटतिडकीने लिहिलं गेलं असतं का, हे ज्याचं त्याने मनाशी तपासावं. अतिथीधर्माच्या या कैवाऱ्यांचा एकदा हिशेब करायचा म्हणूनच मी लिहायला बसलो आहे. मात्र आधी त्यांची बाजू घ्यावी लागणार आहे, कारण ज्या घटनेवरून हा वाद नीट समजतो, तिच्यात सकृतदर्शनी तेच बरोबर ठरतात.

ती घटना २४ सप्टेंबर २००७ ची. इराणचे अध्यक्ष महमूद अहमदिनेजाद संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला आले होते आणि कोलंबिया विद्यापीठाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. ज्यूंच्या संहाराबद्दल शंका घेणारी परिषद आदल्याच वर्षी तेहरानमध्ये भरली होती, त्यामुळे न्यूयॉर्क शहर खवळलेलं होतं. विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यातले मोठे अभ्यासक. प्रास्ताविकाला ते उठले आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याकडे वळून म्हणाले, की क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणं तुमच्यात दिसतात. संहार नाकारण्याबद्दल म्हणाले, की तुम्ही एक तर धडधडीत चिथावणी देताय किंवा तुम्ही कमालीचे अशिक्षित आहात. आपल्या प्रश्नांना उत्तर देण्याचं बौद्धिक धैर्य पाहुणा दाखवील याचीही त्यांना शंका होती, आणि ती त्यांनी पाहुणा तोंड उघडायच्या आधीच बोलून दाखवली. सभागृहात टाळ्या पडल्या. मग अहमदिनेजाद उठले. आमच्या देशात वक्त्याला बोलावलं, की विद्यार्थी स्वतःचं मत स्वतः बनवतील एवढा विश्वास आम्ही त्यांच्यावर ठेवतो, भाषणाआधी त्यांना लस टोचत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. टाळ्या त्यांनाही पडल्या.

हा टोला वर्मी बसला. बोलिंजरना एकाच आमंत्रणावर दोन ठिकाणांहून वाहवा हवी होती. निंदा सोसूनही नावडत्याला व्यासपीठ देणारे धाडसी उदारमतवादी म्हणून एक, आणि व्यासपीठावर त्याची खरडपट्टी काढणारा बाणेदार माणूस म्हणून दुसरी. जेवायचं आवतण द्यायचं, पाहुण्याला पाटावर बसवायचं आणि पहिला घास उचलायच्या आत त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या, याला बाणेदारपणा म्हणत नाहीत. असं बोलायचं होतं तर बोलावायला नको होतं. कोलंबियातल्याच अनेक प्राध्यापकांना हे प्रास्ताविक रुचलं नाही. इराणमधल्या विद्यापीठप्रमुखांनी तर बोलिंजरना जाहीर पत्र पाठवून १९५३ साली इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार कुणी उलथवलं आणि इराणशी लढणाऱ्या सद्दामला कुणी मदत केली, असे उलट प्रश्न विचारले. अपमानाच्या बदल्यात पाहुण्याच्या पदरात फुकटची सहानुभूती पडली. जो माणूस मायदेशी विद्यार्थ्यांना बोलू देत नाही, त्याने विद्यार्थ्यांच्या विवेकबुद्धीची महती सांगावी यात ढोंग होतं हे उघड आहे. पण ढोंगी माणसाच्या तोंडून निघालं म्हणून विधान खोटं ठरत नाही.

इथपर्यंत अतिथीधर्माचे कैवारी खूश असतील. पण याच विद्यापीठाचा आणखी एक पाहुणा त्यांनी विचारात घेतलेला नाही, आणि तो आठवला की माझीही पंचाईत होते. डिसेंबर १९३३ मध्ये कोलंबियाने हान्स लुथर यांना बोलावलं होतं. हे हिटलरच्या सरकारचे अमेरिकेतले राजदूत. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्या विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या होत्या, ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढणं सुरू झालं होतं, आणि यातलं काहीही न्यूयॉर्कपासून लपून राहिलेलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी विरोध केला. तेव्हाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी उत्तर दिलं, की मित्रराष्ट्राच्या प्रतिनिधीचं स्वागत सर्वाधिक सौजन्याने आणि आदरानेच झालं पाहिजे. हे बटलर कोण? १९३१ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. (बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकले तेव्हाही अध्यक्ष हेच.) लुथर आले आणि हिटलरला शांतताच हवी असल्याची ग्वाही देऊन गेले. पुढे १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ५५० व्या वर्धापनदिनाला कोलंबियाने प्रतिनिधी पाठवला. त्याविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या रॉबर्ट बर्क या विद्यार्थिनेत्याला मात्र विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. बोलिंजरांचे सहकारी जॉन कोट्सवर्थ २००७ मध्ये म्हणाले होते, की वादाला आणि प्रश्नांना तयार असता तर हिटलरलाही आम्ही बोलावलं असतं. लोकांना ही अतिशयोक्ती वाटली. वाद आणि प्रश्नांची अट वगळली, तर हिटलरचा माणूस त्याच आवारात येऊन गेला होता, आणि तोही आदराने.

बटलरांच्या त्या सौजन्यासमोर बोलिंजरांचा उर्मटपणा मला अचानक माणुसकीचा वाटू लागतो. बटलरांचा आदर पाहुण्याला मिळाला, त्याची किंमत मात्र विरोध करणाऱ्या पोरांनी भरली. शिष्टाचार पाळायचा म्हणून ज्यांनी तोंड उघडलं त्यांचीच तोंडं बंद करायची, असा तो आदर होता. तेव्हा मघाशी केलेला निवाडा मला अर्धा मागे घ्यावा लागतो. बोलिंजर चुकले ते पाहुण्याला सुनावलं म्हणून नव्हे. त्यांच्या प्रास्ताविकात दोन वेगवेगळी भाषणं एकमेकांत मिसळली होती. एक विशेषणांचं: क्षुद्र, क्रूर, अशिक्षित. दुसरं तपशिलांचं: फाशीची शिक्षा झालेले, बहाईंचा छळ, तुरुंगात टाकलेले अभ्यासक. त्यात कोलंबियाचेच माजी विद्यार्थी कियान ताजबख्श यांचं नाव होतं. मे २००७ पासून तेहरानच्या तुरुंगात असलेल्या ताजबख्श यांची व्याख्यानाच्या काही दिवसच आधी सुटका झाली होती. विशेषणांचा फायदा पाहुण्याला झाला, कारण विशेषणाला उत्तर द्यावं लागत नाही, दुखावल्यासारखं दाखवलं की पुरतं. तुरुंगातल्या माणसाचं नाव घेतलं की उत्तर द्यावं लागतं, आणि न दिलं तरी ते सगळ्यांच्या लक्षात येतं.

याला पुरावा त्याच सभेत आहे. भाषणानंतर कोट्सवर्थनी श्रोत्यांचे प्रश्न वाचून दाखवले, आवाज न चढवता. इस्राएलचा नाश तुम्हाला हवा आहे का, हो की नाही, असं विचारल्यावर अहमदिनेजाद पॅलेस्टिनी सार्वमताच्या आडरस्त्याला लागले. स्त्रियांचे हक्क आणि समलैंगिकांना होणाऱ्या शिक्षा यांविषयी विचारल्यावर ते अमली पदार्थांच्या तस्करांबद्दल बोलू लागले. प्रश्न तस्करांबद्दल नव्हता, असं कोट्सवर्थनी शांतपणे सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा ठेवला. तेव्हा ते विधान आलं: तुमच्या देशात असतात तसे समलैंगिक आमच्या इराणमध्ये नाहीतच. सभागृह आधी हसलं, मग त्याने हुर्यो उडवली. जगभर गाजलं ते हे वाक्य. बोलिंजरांच्या साऱ्या विशेषणांना जे जमलं नाही ते एका साध्या, दोनदा विचारलेल्या प्रश्नाने केलं. आणि प्रश्न सभ्य होता म्हणूनच त्याला पळवाट राहिली नाही. अपमान झाल्याची सबब पाहुण्याला पुढे करता येईना.

अतिथीधर्माच्या कैवाऱ्यांना हा मार्ग परका वाटत असेल, तर त्यांनी १८८८ चं पुणं आठवावं. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागिन्यांनी मढलेल्या त्या मंडळींसमोर त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की इथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरा देश खेड्यांत उपाशी आहे, तो पाहा आणि राणीला जाऊन सांगा. त्यांनी राजपुत्राला एकही शिवी दिली नाही. अवघडले असतील ते आजूबाजूला बसलेले स्थानिक प्रतिष्ठित. यजमान फुल्यांचे स्नेही होते, पण म्हणून मेजवानी गोड व्हावी हे काम जोतीरावांनी अंगावर घेतलं नाही. पाहुण्याला त्यांनी ऐकण्याच्या लायकीचा माणूस मानलं. पाहुण्याचा याहून मोठा मान कुठल्या आरतीत असतो हे मला कुणी सांगावं.

आता आक्षेप. काहींचं म्हणणं, व्यासपीठ देणं हाच सन्मान, प्रश्नांचा मुलामा त्यावर चढवून काय उपयोग? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच कुणाला बोलावायचं हा निर्णय आवतण देण्याआधी घ्यायचा असतो. न बोलावणं हा कुणाचाच अपमान नाही. बोलावून मागे फिरणं, व्हार्टनसारखं, हा भित्रेपणा. आणि बोलावून प्रश्न न घेता हार घालणं, आपल्याकडच्या बहुतेक मानद पदव्यांसारखं, हा लाचारपणा. मानद पदवी आणि व्याख्यान यांतला फरक आपल्या विद्यापीठांना आजही उमजलेला दिसत नाही. पदवी हा शिक्का असतो. ज्याच्यावर मारायचा तो माणूस आधी तपासावा लागतो. व्याख्यान हा व्यवहार असतो, आणि त्यात दुसरी बाजू श्रोत्यांची असते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: प्रश्न विचारून झालं काय? ताजबख्श यांना २००९ मध्ये पुन्हा अटक झाली आणि मोठी शिक्षा सुनावली गेली. कोलंबियात त्यांचं नाव घेतल्याने ती टळली नाही. हे खरं आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो सौजन्यावरचाही आक्षेप आहे, खडे बोलांवरचाही. विद्यापीठ तुरुंगाची दारं उघडू शकत नाही. आपल्या सभागृहात कुणाचं नाव घेतलं जाईल आणि कुणाला घेऊ दिलं जाईल, एवढंच त्याच्या हातात असतं.

कोलंबियाच्या त्या सभेला दोन आठवडे झाले, आणि ८ ऑक्टोबरला अहमदिनेजाद तेहरान विद्यापीठात नव्या शैक्षणिक वर्षानिमित्त बोलायला गेले. सभागृहाबाहेर विद्यार्थी जमले, हुकूमशहा मुर्दाबादच्या घोषणा झाल्या, धक्काबुक्की झाली. त्यांच्या अध्यक्षाला न्यूयॉर्कमध्ये क्षुद्र म्हटलं गेलं याचा राग त्यांना होता की नव्हता कोण जाणे. त्यांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं: परक्यांच्या विद्यापीठात जाऊन प्रश्न घेतलेत, मग आमचे का नाही?