छायाचित्र घेतल्यानंतर

गावच्या पुढाऱ्याच्या हाती इंटरनेट आले म्हणजे तो झाडांची व पाण्याची अधिक काळजी घेऊ लागतो काय? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटात नीतीचा एक जुना प्रश्न आहे: माणूस चांगले काम कोणासाठी करतो?

इंटरनेटचे उपकार आपण आधी मान्य करू. ग्रामपंचायतींपर्यंत ते नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. आता पावसाचा अंदाज, उपग्रहाने टिपलेला गावचा नकाशा, दुसऱ्या गावाने घातलेला बंधारा, हे सारे सरपंचाला घरबसल्या पाहता येते. 'ठाऊक नव्हते' ही सबब उरली नाही. शिवाय पाहणारे डोळे वाढले. महाराष्ट्रात २०२० साली सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात गावांना आपल्या कामाची माहिती संकेतस्थळावर भरावी लागते आणि त्यावरून गुण मिळतात. लोक पाहणार म्हणून काम नीट केले, तर त्यात वाईट काही नाही.

परंतु छायाचित्र रोप लावल्याचा पुरावा देते. ते रोप वैशाखात वाळले की जगले, हे त्यात दिसत नाही. खरी कसोटी तेव्हाच लागते, आणि तेव्हा पाहणारे कोणी नसते.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. पोपटराव पवार तेथे १९८९ साली सरपंच झाले. आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले ते १९९५ साली. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, असे ठरविले. पुढे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. आधी पिण्याचे पाणी, मग उरेल त्यावर पिके. पाऊस कमी झाला, तर ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानेही हात आखडता घ्यायचा. हा संयम कोणत्याही यंत्राने शिकविला नाही. तो शेजाऱ्यासमोर बसून, त्याची तहान आपली मानून शिकावा लागला.

म्हणून इंटरनेटला आपण कंदील समजावे. कंदील वाट दाखवितो, चालावे आपल्यालाच लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीही मुलांकडून जरूर झाडे लावून घ्यावीत, छायाचित्रही काढावे. मात्र पुढच्या उन्हाळ्यात त्याच मुलांना पाण्याची बादली घेऊन तेथे न्यावे. त्या दिवशी छायाचित्र काढले नाही तरी चालेल.