पापाचे वांटेकरी

वाल्या कोळ्याच्या घरच्यांनीं त्याच्या पापांत वांटा घेण्याचें नाकारलें, हें आपण मोठ्या तिरस्कारानें सांगतों. परंतु आपल्या कढईंतील पामतेलाविषयीं तोच प्रश्न कोणीं केला तर आपलें उत्तर निराळें असेल काय? सुमात्रा व बोर्निओ येथील दलदलीच्या अरण्यांत हजारों वर्षांचा पालापाचोळा पुरता न कुजतां सांचलेला आहे. तेलताडाच्या लागवडीसाठीं चर खणून तेथील पाणी काढलें, कीं तो वाळतो, कुजूं लागतो, कधीं पेटही घेतो. आणि त्यांत कोंडलेला कर्ब वायुरूपानें वातावरणांत जाऊन साऱ्या पृथ्वीचा ताप वाढवितो. १९९७ व २०१५ सालीं तर त्या धुरानें सिंगापूरही झांकोळून गेलें.

मग हें झाडच टाकावें काय? पण एका हेक्टरांत तें सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतें; तें टाकल्यास तितक्याच तेलासाठीं अधिक जमीन मोडावी लागेल. शिवाय इंडोनेशियांतील सुमारें ४० टक्के लागवड लहान शेतकऱ्यांची आहे, आणि त्यांना उपदेश करणारे आपण कोण? झाड कोठें लावलें, येथेंच खरी मेख आहे. हें तेल सर्वांत अधिक आयात करणारा देश आपलाच; तथापि डबा घेतांना तें कोणत्या जमिनीवरचें, हें मीं दुकानदाराला आजवर विचारलेलें नाहीं.