आपला संघ कोणता?

आमच्या शाळेच्या वसतिगृहात एकच टीव्ही आहे. तो लोखंडी कपाटात असतो आणि त्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापक म्हणून माझ्या खिशात असते. १७ मार्च २०१९ हा रविवार होता. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. तरी मुलांनी फारच गळ घातली म्हणून मी किल्ली काढली. मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू एफसी. खरे सांगायचे तर मलाही तो पाहायचा होता.

आमचा खानापूर तालुका. इथल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी गोव्यात कामाला असते. तेव्हा साहजिकच सगळी पोरे गोव्याच्या बाजूची, आणि मीही. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला, तोही संपत आला, आणि राहुल भेकेने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावले. बेंगळुरू १, गोवा शून्य. सगळी खोली गप्प झाली. मागच्या रांगेत एक मुलगा तेवढा टाळ्या पिटत उभा राहिला.

मी मागे वळून म्हणालो, "मराठी आईच्या पोटी जन्मून बेंगळुरूसाठी नाचतोस? लाज नाही वाटत?"

तो काही बोलला नाही. चटई गुंडाळून खोलीवर निघून गेला. बाकीची मुले हसली. मी त्यांना हसू दिले.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून कळले ते असे. मुलाचे वडील बेंगळुरूत एका बेकरीत कामाला होते. मुलाची प्राथमिक शाळेची शेवटची वर्षे तिथेच गेली. सुटीच्या दिवशी वडील त्याला कंठीरव्वा स्टेडियमवर सामन्याला नेत. २०१७ मध्ये वडील गेले आणि मायलेकरे गावी परतली. बाप म्हणून त्या मुलाजवळ जे काही शिल्लक होते, त्यात ते स्टेडियम होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. 'आपला संघ' हे आपण कशावरून ठरवतो? नकाशावरून म्हणावे, तर आमच्या भागाचा नकाशा मोठा अवघड. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, मुंबईही साधारण तेवढीच. घाट उतरला की गोवा मात्र सव्वाशेच्या आत-बाहेर. राज्य पाहिले तर बेंगळुरू आपले, भाषा पाहिली तर मुंबई, आणि पोटापाण्याने व सोयरिकीने गोवा. एका घरात तीन भाऊ तीन बाजूंना बसले तरी प्रत्येकाला आपल्या बाजूने पुरावा देता येईल.

माझा स्वतःचा पुरावा तरी कोणता? माझ्या आत्याचे यजमान वास्कोला बंदरात नोकरीला होते. मे महिन्यात आम्ही लोंढ्याला गाडी धरून दूधसागरच्या वाटेने तिच्याकडे जायचो. मामांचा, आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो, सालगावकर संघावर जीव होता. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलात उभे असले की मामा विडी पेटवायचे विसरत. सालगावकरने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला, तेव्हा गावात आम्ही पेढे वाटले. काही संबंध? संबंध एवढाच की आत्याच्या घरी फणसाची भाजी खात आम्ही मामांच्या तोंडून त्या संघाची नावे ऐकली होती. आत्या वास्कोऐवजी हुबळीला दिली असती, तर माझी निष्ठा कुठल्या कुठे गेली असती!

शिवाय ज्या भूमीशी आपण निष्ठा जोडतो, ती संघात असते तरी किती? सालगावकर आणि धेंपो हे खाणमालकांच्या घराण्यांचे संघ. दोघेही राष्ट्रीय विजेते झाले. २०१६ मध्ये देशातल्या स्पर्धांच्या नव्या रचनेचा निषेध म्हणून दोघेही आय-लीगमधून बाहेर पडले. तोवर २०१४ मध्ये एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला होता आणि माझी निष्ठा, मला न विचारताच, तिकडे वळली होती. त्या अंतिम सामन्यात गोव्याकडे मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस ही घरची मुले होती, पण आशा होती ती स्पेनच्या कोरोवर. बेंगळुरूचा कर्णधार सुनील छेत्री जन्मला सिकंदराबादला. आणि ज्याच्या गोलावर टाळ्या पिटल्या म्हणून मी एका मराठी मुलाला लाज काढली, तो राहुल भेके मुंबईचा, मराठी. माझ्या बोलण्याचा पोकळपणा याहून कोणी काय दाखवावा?

पण म्हणून भूगोल खोटा, असेही मला म्हणवत नाही. कोलकात्याचे उदाहरण पाहा. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. ईस्ट बंगाल स्थापन झाला तो एका खेळाडूला संघातून वगळल्याच्या रागातून. फाळणी तेव्हा सत्तावीस वर्षे दूर होती. पुढे १९४७ मध्ये पूर्व बंगाल परका झाला, माणसे लोंढ्यांनी कोलकात्यात आली, निर्वासितांच्या वसाहतींत राहिली, आणि हा संघ त्यांचे गाव बनला. पूर्वेकडचे 'बांगाल', मूळचे पश्चिमेकडचे 'घोटी'. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा मासा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. ज्या नातवाने ढाका किंवा बारिसाल कधी पाहिले नाही, तोही लाल-सोनेरी निशाण घेऊन रडतो. इथे जमीन हातची गेली आणि निष्ठा मागे उरली. ही निष्ठा खोटी म्हणण्याचे धाडस, १९५६ नंतर सीमाभागात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाने तरी करू नये. हातून गेलेल्या नकाशावर जीव लावून माणसे कशी जगतात, हे आम्ही आमच्याच ओसरीवर पाहिले आहे.

पण त्याच कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि सोळा माणसे मेली. सामना पाहायला गेलेली माणसे. आणि त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टर मुलीवरच्या अत्याचाराने शहर पेटले असताना दोघांचा सामना रद्द झाला, तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे एकत्र रस्त्यावर उतरले आणि त्यांनी पोलिसांच्या लाठ्या सोबतच खाल्ल्या. भूगोल तोच, निष्ठा त्याच. मग बदलले काय?

जोसाया रॉईस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०८ मध्ये निष्ठेवर एक ग्रंथ लिहिला. एम.ए.ला असताना परीक्षेपुरता वाचला होता, तो त्या रविवारनंतर पुन्हा काढला. रॉईसचे सांगणे थोडक्यात असे की माणसाने आपल्या कार्याशी निष्ठावंत असावेच, पण दुसऱ्याच्या निष्ठेला ज्याने सुरुंग लागेल असे कार्य निवडू नये. वाचताना सोपे वाटते. मी मात्र परीक्षेच्या तोंडावर एका पोरक्या मुलाच्या निष्ठेला चारचौघांत सुरुंग लावला होता, तोही भाषेच्या नावाने.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मी माझ्याच मनाशी घेतला आहे. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे टाळ्या पिटायच्या, तर उद्या आपली शाळा, आपली भाषा यांच्या बाजूने उभे कोण राहणार? इथे पाट्यांसाठी, परिपत्रकांसाठी, सातबाऱ्यावरच्या अक्षरांसाठी माणसांनी उभी आयुष्ये घालवली. प्रश्न हलका नाही आणि मजजवळ त्याचे पुरते उत्तर नाही. एवढे दिसते की सरकारकडे हक्क मागणे वेगळे आणि मुलाकडे त्याच्या प्रेमाचा दाखला मागणे वेगळे. स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ हा संघ फक्त बास्क भूमीत जन्मलेले किंवा तिथे खेळ शिकलेले खेळाडू घेतो. ती भूमी स्पेन आणि फ्रान्स अशा दोन देशांत विभागलेली, पण संघ मधली सरहद्द मानत नाही. एवढा भाषाभिमानी, भूमीचा एवढा कट्टर संघ! त्यात घानातून आलेल्या आईबापांची दोन मुले खेळली, इनाकी आणि निको विल्यम्स. २०२२ च्या विश्वचषकात थोरला घानाकडून उतरला, धाकटा स्पेनकडून. बिल्बाओच्या लोकांनी दोघांनाही आपलेच म्हटले. आमच्या वसतिगृहातल्या खोलीला तेवढे मोठे होता आले नाही, आणि त्याला कारण मुले नव्हती.

दहावीचा निकाल लागल्यावर तो मुलगा पेढे घेऊन आला. मी त्याला बसवून घेतले आणि म्हणालो, "अरे, त्या दिवशी मी चुकलो." तो इतका संकोचला की मलाच विषय बदलावा लागला. जाताना दारात थांबून म्हणाला, "सर, भेके मराठी आहे, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, "आता ठाऊक आहे."

तो आता बेंगळुरूतच नोकरी करतो. २०२१ मध्ये भेके मुंबई सिटी संघात गेला, तेव्हा मी त्याला फोनवर मुद्दाम छेडले, "काय रे, आता तू कुणाचा? मुंबईचा का?" "बेंगळुरूचाच, सर." मे २०२४ मध्ये भेकेच्या मुंबईने अंतिम सामना जिंकला, त्या रात्री त्याचा फोन आला नाही. त्याच उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी सकाळी आला.

"सर, भेके परत आला आमच्याकडे."

"बरे झाले," मी म्हणालो. "आईला सांगितलेस का?"