विधवेने वाट सोडली नाही

शास्त्रभाग : लूक १८:१–८, प्रेषितांची कृत्ये २५:१–१२



बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे या भागातील मंडळ्यांत निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. अशाच एका हवालदारांच्या पवित्र शास्त्रात घडी घालून ठेवलेले एक पत्र मी पाहिले. नोकरीत जडलेल्या आजारामुळे मेडिकल बोर्डाने त्यांना घरी पाठविले होते. पण आजार लष्करी सेवेमुळे झाला नाही, सेवेने वाढलाही नाही, असे लिहून त्यांची अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली होती.

"काका, अपील केले नाही?" मी विचारले.

"पाळकसाहेब, ख्रिस्ती माणसाने किती भांडायचे? प्रभूने दिले त्यात समाधान मानावे."

प्रियहो, समाधानाचा धडा तुरुंगातून फिलिप्पैकरांस लिहून पाठविला तो पौलाने. आणि हाच पौल कैसरीयात दोन वर्षे बंदीत राहिल्यावर फेस्तापुढे उभा राहून कैसराकडे दाद मागतो! त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. दाखल्यातील विधवेचेही तसेच. तो दाखला प्रार्थनेविषयी आहे हे खरे, लूक तसे स्पष्ट सांगतो. परंतु प्रभूने चित्र निवडले ते कचेरीच्या दारातले, आणि तेथे पुन्हा पुन्हा गेल्याबद्दल त्या बाईला त्याने दोष दिला नाही. ती भीक मागत नव्हती, न्याय मागत होती.

सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१३ चा एक निकाल आपल्या सैनिक बांधवांना ठाऊक असावा. एका जवानाला नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली फेफऱ्यामुळे काढण्यात आले. अपंगत्व वीस टक्के, पेन्शन नामंजूर. न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे. सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नाही. शंकेचा फायदा त्यालाच मिळावा. आणि बोर्डाने नकाराची कारणे लिहावीत. एकोणीस वर्षे गेली हो! हा निकाल १९८२ च्या नियमांवर आहे. सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडलेल्यांचे नियम वेगळे आहेत, हे विसरू नये.

आधी खात्याकडे अपील, तेथे न जमल्यास २००९ पासून काम करणारे सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा मार्ग आहे. बोर्डाचा अहवाल, डिस्चार्ज बुक व इस्पितळाचे कागद जवळ हवेत. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. खोटे मात्र एक अक्षर लिहू नये.

खरी अडचण बहुधा इंग्रजी कागदांची असते. आमच्या शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकेने तीन रविवार उपासनेनंतर काकांजवळ बसून त्यांचा अर्ज लिहिला. पोच आली आहे, उत्तर नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही त्यांचे नाव घेतो, आणि पुढच्या महिन्यात ती बाई स्मरणपत्र लिहिणार आहे.