मूळची गाडी कोणती?

जुनी मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला पंधरा दिवसांत तत्त्वज्ञान सुचू लागते. यात तत्त्वज्ञानाचा मोठेपणा नाही. गंजलेला नट सुटेपर्यंत दुसरे करण्यासारखे काही नसते, एवढेच!

आमची गाडी जावा, अडीचशे सी.सी.ची, १९७० सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या होऊ लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा तोच, आणि आत दाबून वर उचलला की किकही तोच. वडील २००१ साली गेले, तेव्हापासून ती पडवीत गोणपाटाखाली उभी होती. पिस्टन पार अडकून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवले, तेव्हा आठवड्याने किक जरा हलली. टाकीत बारीक खडी घालून खुळखुळावली, तर वाटीभर गंज निघाला. मग रिंगा बदलल्या, क्लचच्या चकत्या बदलल्या; पॉइंट, सील, चेन, वायरी, टायर, सगळेच बदलत गेले. काढलेल्या भागांनी घमेले भरले. एका संध्याकाळी मनात आले, वडिलांची गाडी कोणती? ही उभी आहे ती, की त्या घमेल्यात पडली आहे ती?

प्रश्न जुना आहे. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारले होते, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि शेवटी रथ हे केवळ एक नाव उरले. आमच्या परिवहन खात्याला एवढी विरक्ती परवडत नाही. इंजिनवरचा आणि सांगाड्यावरचा असे दोन आकडे पुस्तकातल्या नोंदीशी जुळले, की खात्याच्या दृष्टीने गाडी तीच. २०२१ च्या नियमांनी तर पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळा मान दिला. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी.

पण मूळ म्हणजे कोणत्या दिवशीचे? नियम करणाऱ्यांना कारखान्यातून निघाल्या दिवशीचे अभिप्रेत असावे. माझे मूळ निराळे आहे. टाकीच्या उजव्या अंगाला एक पोचा आहे. मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला पुढे टाकीवर बसवले होते. ओढ्याच्या उतारावर गाडी घसरली, आणि त्यांनी हँडल सोडून मला धरले. मला खरचटलेही नाही. तो पोचा मी कसा काढू देणार?

आई म्हणाली, "आधी तो पोचा काढ."

मी कारण सांगितले. ती म्हणाली, "अरे, तुला त्यात तू वाचलेला दिसतोस. मला त्यांचं मनगट दिसतं. पुढं जन्मभर पावसाळा आला की दुखायचं. रात्री उठून शेक द्यायची मी. लग्नात आणली तेव्हा कशी होती, ते तू पाहिलंयस का?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. झिजलेली रिंग बदलताना वाद होत नाही. ती यंत्राची बाब आहे, यंत्रच निकाल देते. पोच्याला इंजिनाची हरकत नव्हती. तिथे दोन माणसांच्या आठवणी समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. सव्वीस वर्षे मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचा हक्क अधिक, असे मला अखेर वाटले. मी वाचलो हे लक्षात ठेवायला मी आहेच; ती कोरी टाकी आठवणारे माणूस मात्र आता एकटी आईच.

रंगाऱ्याने दसऱ्याचा वायदा केला आणि अर्थात दिवाळीच्या तोंडाशी टाकी दिली. जुनाच गर्द तांबडा रंग, दोन्ही बाजूंना चकाकी. त्याने पोचा ठोकून काढलाच नव्हता. वर लांबी भरून, घासून, रंग दिला होता. आत पत्रा तसाच दबलेला होता. हे न सांगणेही मला बरे वाटेना. आईला सांगितले.

तिने त्या जागेवरून दोनदा हात फिरवला. "लागत नाही हाताला," ती म्हणाली. "आत असू दे."