आजीचे ग्रंथ आणि नातवाची लिपी

मालाडसारख्या उपनगरातील उपदेशी घरात लीळाचरित्र असते. पण इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला ते वाचता येतेच असे नाही. आजीने त्याला इंग्रजीतून सांगावे, की मराठी अक्षरे शिकवावीत?

केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना थांबविले. कारण त्यायोगे म्हाताऱ्या ज्ञानाला अंतरल्या असत्या. येथे भाषेचा अभिमान नसून शिकणाऱ्याविषयी करुणा आहे. मग याच न्यायाने नातवाला इंग्रजीत का सांगू नये? आरंभ तसा अवश्य करावा. परंतु म्हातारीला संस्कृत शिकणे दुष्कर होते. बालकाला मायबोलीची अक्षरे दुष्कर नाहीत. शिवाय मराठी ही स्वामींच्या श्रीमुखीची वाणी. सूत्रपाठाच्या एकेका शब्दावर आपले निरूपण उभे आहे. अनुवाद दारापर्यंत नेईल. आत प्रवेश मूळ शब्दानेच होईल.

पूर्वजांनी ग्रंथ सकळ लिपीत राखले. विसाव्या शतकात राजवाड्यांनी तिची किल्ली प्रकट केली. आता देवनागरी पोथीच घरच्या मुलाला सकळ लिपी झाली, तर दोष पोथीचा नव्हे, मुलाचाही नव्हे. जाणून न शिकविणाऱ्याचा होय.